बघणाऱ्याचा खांदा

जालन्याच्या नव्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की सकाळपासून गाड्यांची रांग लागते. फाळकं पडतं, वर उभा असलेला माणूस कट्टा कडेला ओढतो, खालचा पाठ वाकवून उभा राहतो आणि 50 किलोंचं ओझं त्याच्या मानेखाली येऊन बसतं. चार-सहा पावलं टाकून तो थप्पीपाशी पोचतो, खांद्याला एक हिसका देतो, कट्टा जागेवर बसतो. पुढचा माणूस तोवर वाकलेला असतो. कुणी कुणाला 'आता', 'थांब' असं काही म्हणत नाही. गाडीवरच्याने कोपर मागं घेतलं की खालच्याचे गुडघे आपोआप सैल होतात.

संपादकांनी यंदा विषय दिला 'पाहणं'. चित्रं पाहणाऱ्यांवर, सिनेमा पाहणाऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ज्यांच्याकडे जावंसं वाटलं ती माणसं वेगळी होती. दुसऱ्याचं शरीर हलताना बघणं हा त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग असतो आणि त्या बघण्यावर पोट किंवा हाडं अवलंबून असतात. जालना जिल्ह्यात अशी माणसं शोधावी लागत नाहीत. मोंढ्यात हमाल आहेत, जत्रांच्या फडावर पैलवान आहेत, बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग करणाऱ्या बाया आहेत.

भरती जास्त आहे

मोंढ्यात थोडा वेळ उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. कट्टा काट्यावर जाण्याआधीच, तो दुसऱ्याच्या पाठीवर असतानाच, बाजूला उभा असलेला हमाल सांगून मोकळा होतो की याची भरती जास्त आहे. कशावरून, असं विचारलं तर उत्तर मिळतं, दिसतंय की. मला दिसत नव्हतं. एकसारखे कट्टे, एकसारखे वाकलेले लोक, एवढंच मला दिसत होतं. लक्षपूर्वक बघितल्यावर हळूहळू काही खुणा सापडू लागल्या. जड कट्टा पाठीवर बसला की पहिलं पाऊल क्षणभर उशिरा पडतं. टाच आधी चाचपते. मान थोडी जास्त पुढे जाते आणि मोकळा हात शरीरापासून लांब फाकतो. पण मी या खुणा एकेक करून वेचत होतो, आणि हमालाला त्या वेचाव्या लागत नव्हत्या. त्याला थेट वजनच दिसत होतं.

हे खरंच दिसतं का, याची परीक्षा स्वीडनमधल्या उप्साला इथे फार पूर्वी झाली. तिथल्या गुन्नार योहान्सन यांनी 1973 साली एक साधी युक्ती प्रसिद्ध केली होती. माणसाच्या सांध्यांवर उजेडाचे ठिपके लावायचे, अंधारात त्याला चालायला लावायचं आणि फक्त ठिपक्यांचं चित्रण लोकांना दाखवायचं. ठिपके स्थिर असले तर काहीच कळत नाही. ते हलले की बघणारा लगेच सांगतो, माणूस चालतोय. त्याच गावातल्या स्वेर्कर रूनेसॉन आणि गुनिला फ्रीकहोल्म यांनी 1981 मध्ये अशाच ठिपक्यांच्या माणसाला खोकी उचलायला लावली. खोकं दिसत नव्हतं, चेहरा दिसत नव्हता, तरी बघणाऱ्यांनी वजनाचा अंदाज चांगला बांधला. दोन वर्षांनी त्यांनी उचलणाऱ्यांना फसवायला सांगितलं: हलकं खोकं जड असल्यासारखं उचला. बघणाऱ्यांना खरं वजनही कळलं आणि हा जड असल्याचा आव आणतोय हेही कळलं. शरीराला लबाडी पूर्ण साधत नाही. वजन पेलायला पाय आणि कंबर आधीपासून जी तयारी करतात तिचं सोंग वठवणं फार कठीण असतं.

म्हणजे माहिती हालचालीतच असते आणि ती सगळ्यांसाठी उघडी असते. मग मोंढ्यात उभा असलेला मी आणि तो हमाल, आमच्यात फरक कसला? त्याची पाठ.

स्वतः उचलताना दुसऱ्याचं वजन

पाठीचा हा वाटा किती खोल आहे हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका प्रयोगाने फार सुंदर दाखवलं. अँटोनिया हॅमिल्टन, डॅनियल वॉल्पर्ट आणि ऊटा फ्रिथ यांनी तो 2004 मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना पडद्यावर एक हात खोकं उचलताना दाखवायचा आणि त्याचं वजन ओळखायला सांगायचं. ओळखत असतानाच बघणाऱ्याने स्वतःही एक खोकं उचलायचं, कधी हलकं तर कधी जड. आपल्याला वाटेल, स्वतःच्या हातात जड असलं की समोरचंही जड वाटेल. झालं उलटं. स्वतः जड उचलणाऱ्याला पडद्यावरचं खोकं हलकं वाटलं आणि हलकं उचलणाऱ्याला तेच जड वाटलं. नुसतं हातात धरून बसलं तर असा परिणाम होत नव्हता. उचलण्याची क्रिया चालू असावी लागत होती.

याचा एक अर्थ असा लावला जातो: दुसऱ्याचं उचलणं समजून घ्यायला मेंदू स्वतःच्या उचलण्याचीच यंत्रणा वापरतो. तिच्यातला जड ओझ्याचा भाग स्वतःच्या कामात गुंतला की समोरच्याबद्दल निवाडा द्यायला हलक्या ओझ्याचा भाग उरतो आणि निकाल हलक्याकडे झुकतो. प्रयोगातली खोकी छोटी होती. मोंढ्यातल्या कट्ट्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणं घाईचं ठरेल. पण मुद्दा मोठा आहे. बघणारा स्थिर बसलेला नसतो. आत्ता, या घडीला त्याचं शरीर काय करतंय, याने समोरचं दृश्य बदलतं.

आणि आजवर त्या शरीराने काय काय केलंय, यानेही बदलतं. ते बघायचं तर कुस्तीच्या फडावर जायला हवं.

फडाच्या कडेला

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांचा जन्म 1608 चा. त्यांनी गावोगाव मारुती उभे केले आणि बलोपासना सांगितली, हे महाराष्ट्राला पाठ आहे. तालमीच्या कोनाड्यातला शेंदरी मारुती मराठवाड्यातही प्रत्येक आखाड्यात भेटतो. जत्रा आली की देवदर्शनाइतकीच गर्दी दुपारनंतर फडाभोवती जमते. नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या आधी, मग इनाम चढत जातं, शेवटी मोठी निकाली कुस्ती. हलगीचा ठेका त्याबरोबर वाढत जातो.

या गर्दीकडे पाठ करून कुस्ती बघणारे सगळे असतात. मी कुस्तीकडे पाठ करून गर्दी बघायला लागलो आणि मला त्यात दोन जाती दिसल्या. काही माणसं डोळ्यांनी बघतात. एक पैलवान दुसऱ्याला उचलतो तेव्हा ती ओरडतात, पाठ मातीला लागली की टाळ्या वाजवतात. दुसऱ्या प्रकारची माणसं वयस्क असतात. कान मोडलेले, मान जाड, पोट आता सुटलेलं. ती ओरडत नाहीत. पण खडाखडी चालू असतानाच त्यांचा उजवा खांदा पुढे येतो. आतल्या पैलवानाने पटात शिरायला गुडघा टेकवण्याआधी या म्हाताऱ्याचा पाय धोतराच्या आत ताठ होतो. कुणी ढाक मारायला वळतो तर याची कंबर वळते. आणि अनेकदा, आतल्याने डाव टाकण्याच्या क्षणभर आधी, याच्या तोंडून नाव निघून गेलेलं असतं: 'घिस्सा!' पुढच्या क्षणी घिस्सा बसतो.

हा जो क्षणभराचा आगाऊपणा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. याला आपण अनुभव म्हणतो आणि पुढे जातो. पण अनुभव कसला? वर्षानुवर्षं कुस्त्या बघितल्याचा, की वर्षानुवर्षं मातीत आपटल्याचा?

याच प्रश्नावर रोममध्ये साल्वातोरे अलियोती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये बास्केटबॉल घेऊन काम केलं. तीन गट घेतले. एक निष्णात खेळाडूंचा. दुसरा प्रशिक्षक आणि क्रीडा पत्रकारांचा, म्हणजे ज्यांनी खेळ अमाप बघितलाय पण जे स्वतः त्या पातळीवर खेळत नाहीत. तिसरा नवख्यांचा. चेंडू टाकण्याचं चित्रण मध्येच थांबवायचं आणि विचारायचं, जाळीत पडणार की नाही? खेळाडूंनी इतरांच्या आधी आणि अधिक अचूक सांगितलं, तेही चेंडू हातातून सुटण्याच्या आधी, नुसत्या शरीराच्या ठेवणीवरून. बघण्यात मुरलेल्यांना चेंडूची वाट बघावी लागत होती. फडाच्या कडेला हीच वाटणी आहे. जो नुसता बघत आलाय त्याला डाव बसल्यावर कळतो. जो खेळलाय त्याला तो येताना कळतो.

एक शंका उरते. खेळाडूने बघितलंही भरपूर असतंच, मग श्रेय शरीराचं कशावरून? जर्मनीतल्या ट्युबिंगनमध्ये अँतोनिनो कासीले आणि मार्टिन गीज यांनी 2006 मध्ये ती शंका फेडली. त्यांनी लोकांच्या डोळ्यांना पट्टी बांधली आणि हात हलवण्याची एक अनोळखी लय शिकवली, केवळ स्पर्शाने आणि शब्दांनी. त्यांनी ती हालचाल कधी पाहिलीच नव्हती. नंतर ठिपक्यांच्या चित्रात तीच लय ओळखायला दिली तेव्हा ती त्यांना आधीपेक्षा चांगली ओळखता आली, आणि ज्याने ती जितकी चांगली आत्मसात केली होती तितकी ती त्याला अधिक दिसली. डोळे मिटून शिकलेलं डोळे उघडल्यावर दिसू लागलं.

तालमीतला वस्ताद हे न सांगता जाणतो. पोराला तो डाव लांबून दाखवत नाही. त्याचा हात धरून स्वतःच्या मानेवर ठेवतो, त्याची कंबर आपल्या कंबरेला लावतो आणि त्याला वळवतो. आधी अंगाला कळू द्यायचं. मग तोच पोरगा कठड्यावर बसून जोड बघतो तेव्हा त्याचं बघणं कालच्यापेक्षा वेगळं असतं.

डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा जालन्यात भरली. 1961 साली पहिला किताब औरंगाबादच्या मैदानात ठरला होता, त्यामुळे मराठवाड्याला या स्पर्धेचं अप्रूप जुनं आहे. जालन्यात अंतिम लढत झाली ती बुलडाण्याकडून उतरलेला बाला रफिक शेख आणि आदल्या वर्षीचा विजेता, पुण्याचा अभिजित कटके यांच्यात. एक मातीच्या विभागातून आलेला, एक गादीच्या. बाला रफिक जिंकला. तो ज्या गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली कोल्हापुरात घडला, ते 1962 च्या जकार्ता आशियाई खेळांतले सुवर्णविजेते, 2018 च्या सप्टेंबरमध्येच गेले होते. त्यांनी घडवलेले पैलवान गावोगाव आहेत. मोठ्या मैदानावर आता पडदे असतात, फेरचित्रण दाखवतात. तरी पंचाच्या शिट्टीआधी निकाल कुठे वळतोय हे ज्यांना दिसतं ते पडद्याकडे बघत नसतात.

नूरा कुस्तीही हेच लोक पकडतात. ठरवून केलेल्या कुस्तीत सगळं असतं: शड्डू, खडाखडी, घाम. फक्त डाव झेलणाऱ्याच्या शरीरात तो टाळण्याची तयारी नसते. नवख्याला कुस्ती रंगलेली दिसते, कडेचा म्हातारा मान हलवून उठून जातो. उप्सालातल्या ठिपक्यांच्या माणसाला जड खोक्याचं सोंग साधलं नव्हतं, ते इथंही साधत नाही.

पार्मातली माकडं आणि वाढलेल्या अपेक्षा

या सगळ्यामागे मेंदूत काय चालतं, याची चर्चा 1990 च्या दशकात इटलीतल्या पार्मा विद्यापीठातून सुरू झाली. जाकोमो रिझोलाती आणि त्यांचे सहकारी माकडाच्या मेंदूतल्या हालचालींच्या भागातल्या पेशींची नोंद घेत होते. माकडाने दाणा उचलला की काही पेशी पेटत. मग आढळलं की समोरच्या माणसाने दाणा उचलला, माकड स्वतः हललंही नाही, तरी त्यातल्या काही पेशी पेटतात. पुढे या पेशींवर फार मोठी ओझी लादली गेली. भाषा, करुणा, संस्कृती, सगळं त्यांच्यातूनच आलं असं सांगितलं गेलं. कॅलिफोर्नियातले ग्रेगरी हिकॉक यांनी 2014 मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून याला विरोध केला. त्यांचा मुद्दा रास्त आहे. जे आपण करू शकत नाही तेही आपल्याला समजतं. पक्षी उडतोय हे कळायला पंख लागत नाहीत.

मला इथे मानसशास्त्रज्ञ सेसिलिया हेज यांचं म्हणणं जास्त पटतं. त्या म्हणतात, या पेशी जन्मतः जादूच्या नसतात. करणं आणि बघणं पुन्हा पुन्हा एकाच वेळी घडलं की दोहोंची गाठ बसते. तालीम हे अशा गाठी बसवण्याचं ठिकाण आहे. स्वतः जोर मारताना शेजारचा जोर मारताना दिसतो. स्वतः पट काढला की समोरचा कसा पडतो ते दिसतं, नंतर आपण तसेच पडतो. समजणं अनेक प्रकारचं असतं. कुस्ती चालली आहे हे कुणालाही समजतं. कोणत्या पायावर भार आलाय, पुढच्या क्षणी काय होणार, हे समजायला मात्र गाठ लागते.

कळी आणि नख

जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली, त्यांना 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्याचा सगळा व्यवहार शेवटी बोटांवर उभा आहे. जाफराबाद, भोकरदनकडे शेडनेटमध्ये मिरचीचे प्लॉट आहेत, कपाशीचे प्लॉटही झाले. कपाशीत दुपार कलली की उद्या उमलणारी कळी हेरायची. अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांच्या बुडाशी चीर द्यायची आणि पीळ देऊन पाकळ्यांसकट परागकोशांचं आवरण अलगद काढायचं. आत उभा राहिलेला नाजूक दांडा दुखावता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्यावर पराग टेकवायचे. एक परागकोश राहून गेला तरी ते फूल स्वतःच्याच परागाने फळतं आणि बियाण्याची शुद्धता जाते.

प्लॉटवर जुन्या बाया नव्या मुलींवर नजर ठेवतात. त्या मुलीने काढलेलं फूल तपासण्याआधी त्यांना तिच्या मनगटावरून कळतं. पीळ देताना मनगट फिरण्याऐवजी कोपर ओढलं गेलं की दांडा तुटलाच. शिकवणारी बाई मुलीच्या मागे उभी राहते आणि तिच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवते. वस्तादाचीच ही रीत. फरक इतकाच, की या बायांना वस्ताद कुणी म्हणत नाही, त्यांच्या नजरेचे वेगळे पैसे नाहीत, आणि शेताच्या बांधावरून जाणाऱ्याला त्या फुलं खुडत असल्यासारख्या दिसतात.

ज्याने उचललं नाही

बांधावरून जाणाऱ्याची ही नजर मला साधी वाटत नाही. मजुरीचा भाव बहुतेक वेळा हीच नजर ठरवते. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगीतून दरवर्षी जोड्या ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन बाई फळीवरून ट्रकवर चढते. तिच्या मानेला, पोटऱ्यांना काय होतं हे तिच्यासारखीच मोळी वाहिलेल्या बाईला दिसतं. मुकादमालाही दिसत असेल, तो बहुधा तोडीतूनच वर आलेला असतो. टनाचा भाव जिथे ठरतो त्या खोलीत मात्र मोळी वाहिलेली बाई क्वचितच असते.

अण्णासाहेब पाटलांच्या पुढाकाराने माथाडींनी दिलेल्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. त्याच्या मंडळांवर मालकांबरोबर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. हे तत्त्व मी आजवर न्यायाचं म्हणून समजत होतो. आता ते मला ज्ञानाचंही वाटतं. ज्याच्या पाठीने ओझं पेललंय त्याला दुसऱ्याच्या पाठीवरचं ओझं अधिक अचूक दिसतं. अशी पाठ चर्चेत नसेल तर बाकीचे प्रामाणिक असूनही कमी बघतात.

बाहेर राहिलेला अर्धा गाव

लंडनमध्येच बियात्रिस काल्व्हो-मेरिनो यांनी नर्तकांवर केलेले दोन प्रयोग आहेत. 2005 च्या प्रयोगात बॅले नाचणाऱ्यांना बॅले आणि ब्राझीलचा कापोएरा दाखवला, कापोएरावाल्यांनाही दोन्ही. प्रत्येकाच्या मेंदूतला हालचालींचा भाग स्वतःच्या नाचाला जास्त जागा झाला. पुढच्या वर्षीचा प्रयोग अधिक बारीक होता. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त स्त्रिया. दोघं रोज एकाच दालनात सराव करतात, म्हणजे एकमेकांच्या हालचाली बघून दोघांना सारख्याच ओळखीच्या. तरीही मेंदू जास्त जागा झाला तो स्वतः केलेल्या हालचालींना.

हा प्रयोग वाचल्यापासून मला जत्रेचा फड वेगळा दिसतो. पिढ्यानपिढ्या तिथे बायका नव्हत्या. हौद्यात तर नाहीच, कडेलाही जवळजवळ नाही. पैलवानाची आई त्याचा खुराक करायची, त्याचा मोडका कान शेकायची, पण त्याचा डाव तिच्या अंगाला माहीत नव्हता.

मार्च 2023 मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने वैष्णवी पाटीलला हरवून किताब घेतला. मराठवाड्यातल्या जत्रांतही आता मुलींच्या जोड्या लागतात, नारळावरच्या का होईना. आज या मुलींची कुस्ती लागली की कडेला उभे राहून डावाचं नाव आधी उच्चारणारे सगळे पुरुषच असतात. अजून वीस वर्षांनी, या मुलींचे कान मोडून झालेले असतील आणि गुडघे कुरकुरायला लागतील, तेव्हा जत्रेतल्या गर्दीत लुगड्याच्या पदराआडून खांदा पुढे करणाऱ्या बायकाही असतील. त्यांना पट येताना दिसेल. एखाद्या पंचाचा निर्णय चुकला तर त्या तो भर फडात सांगतील, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल.